तळ तापवला तर पाण्यातली रोपं जोमानं वाढतात का?

फिशटँकमध्ये पाण्याखालची बाग फुलवणाऱ्यांमध्ये एक वाद बरीच वर्षं चालू आहे. टाकीच्या तळाशी वाळू-मातीच्या थरात विजेची हीटिंग केबल पुरायची आणि तो थर वरच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम ठेवायचा. असं केल्यानं रोपांची मुळं खरंच सुखावतात का? या प्रश्नाची पारख करायला तंजावर ही फार योग्य जागा आहे. तिथे जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा २० अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही आणि मेमध्ये दुपारी तो ३७-३८ अंशांवर पोहोचतो. शिवाय गावाबाहेर पडलं की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातखाचरं सुरू होतात. पाण्याखालच्या मातीत मुळं कशी जगतात, ते तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे.

केबलची कल्पना जर्मनीत रुजली. कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी ती लोकप्रिय केली. त्यांचं ‘द ऑप्टिमम अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक १९८६ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते वाचलं. त्यांचा विचार साधा होता. नैसर्गिक ओढ्यांच्या तळातून पाणी झिरपत राहतं, टाकीतली वाळू मात्र निपचित पडून असते. तळ तापवला की तिथलं पाणी हलकं होऊन वर चढेल, त्याच्या जागी वरचं थंड पाणी खाली उतरेल आणि त्याबरोबर मुळांना अन्नद्रव्यं मिळतील. थोडक्यात, उष्णता हे साधन होतं आणि पाण्याची हालचाल हे उद्दिष्ट.

ही हालचाल खरंच होते का, ते वाळूच्या दाण्यावर ठरतं. सच्छिद्र थरातून पाणी किती वेगानं वाहतं याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्ये मांडला. पाण्याला मिळणारी वाट साधारणपणे दाण्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे दाणा निम्मा झाला की वाट चौथाईवर येते. विरघळलेलं अन्नद्रव्य नुसत्या विसरणानं पाच सेंटिमीटर जायला काही आठवडे घेतं. दीड-दोन मिलिमीटरच्या जाड वाळूत दोन-तीन अंशांचा फरक राखला, तर हेच अंतर पाणी एखाद-दोन दिवसांत सहज कापू शकतं. जाड वाळूपुरती तरी जर्मन तर्काला भौतिकशास्त्राची साथ आहे. पण चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. त्यांच्यामधून पाणी जवळजवळ हलतच नाही. अशा मातीत पुरलेली केबल माती तापवते, एवढंच.

खाचरातला धडा

आता भातखाचराकडे पाहू. कोकणात असो वा तंजावरला, लावणीआधी चिखलणी करतात. तिचा एक मोठा हेतू मातीतल्या वाटा बुजवून पाणी खाली झिरपू न देणं हा असतो. केबल जी हालचाल घडवू पाहते, तीच शेतकरी मुद्दाम थांबवतो आणि तरीही भात तरारून येतं. हे कसं?

पाणी भरल्यावर एक-दोन दिवसांतच मातीतल्या जिवाणूंनी तिथला ऑक्सिजन संपवलेला असतो. वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा ऑक्सिजन राखून असतो. त्याखाली जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले श्रीलंकन रसायनशास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नंपेरुमा यांनी हा सगळा क्रम १९७२ मध्ये एका विस्तृत लेखात मांडला आणि तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, लोहाचं रूप बदलताना ते पाण्यात विरघळू लागतं आणि त्याला जखडून बसलेलं फॉस्फेटही सुटं होतं. नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहतं. ऑक्सिजन नसलेला चिखल म्हणजे रोपासाठी भरलेलं कोठार असतं.

मुळांना ऑक्सिजन मात्र लागतोच, आणि तो रोप स्वतः खाली नेतं. भाताच्या खोडात आणि मुळांत एरेंकायमा नावाची पोकळ्यांची ऊती असते. तिच्यातून पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते आणि थोडा ऑक्सिजन मुळाभोवतीच्या चिखलातही झिरपतो. तिथे लोहावर गंज चढतो, म्हणूनच उपटलेल्या भाताची जुनी मुळं तांबूस-तपकिरी दिसतात. फिशटँकमधल्या व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोराइनच्या देहातही अशाच हवेच्या वाटा असतात. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या आणि दक्षिणेतल्या नद्यांच्या देशी रहिवासी आहेत. हालचालीवाचून ही मुळं गुदमरतील, ही भीती म्हणूनच फारशी खरी ठरत नाही.

उष्णतेचा हिशेब

तंजावरमध्ये तळ आणखी तापवला तर काय होईल? हवेच्या संपर्कातल्या गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. उलट दर दहा अंशांमागे जिवाणूंचं आणि मुळांचं श्वसन ढोबळमानानं दुप्पट होतं. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. जमिनीत सडणारं सेंद्रिय द्रव्य जास्त असेल, तर सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होण्याचा वेगही वाढतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू मुळांना विषारी आहे. चिखलात लोह पुरेसं असलं की ते त्याला बांधून काळं करून टाकतं, पण लोह संपलं की मुळं काळी पडून कुजतात.

पाण्याखालच्या रोपांची वाढ बहुतेक वेळा प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापाशी अडते. पाणी तापलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. आपल्या तळ्यांतलं हायड्रिला गरम पाणी आणि कमी कार्बन डायऑक्साइड असताना प्रकाशसंश्लेषणाची वेगळी, काटकसरी पद्धत सुरू करतं. सगळ्या शोभिवंत वनस्पतींना हे जमत नाही.

तेव्हा उत्तर ठिकाणानुसार बदलतं. युरोपातल्या थंड खोलीत, जाड वाळूच्या थरात केबलला अर्थ आहे. तळ पाण्यापेक्षा थंड पडून मुळं सुस्तावण्यापासून ती वाचवते. तंजावरच्या घरात २६ अंशांवर लावलेली थर्मोस्टॅटची केबल वर्षातले बहुतेक दिवस बंदच राहील. आणि थर्मोस्टॅटशिवाय चोवीस तास चालवली तर ५० वॉटची केबल महिन्याला ३६ युनिट वीज खाऊन अपायच करील. नागपूर, सोलापूर किंवा कोकण किनाऱ्यावरच्या टाकीलाही हेच लागू आहे.

तिथे खर्च करायचाच, तर चांगल्या दिव्यावर करावा. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी निववतो. तळाशी थोडी लोहयुक्त माती आणि तिच्यावर वाळूचा पातळ थर पुरेसा होतो. काही महिन्यांनी एखादं रोप हलकेच उपटून मुळं पाहावीत. पांढरी टोकं आणि तांबूस देठ असतील, तर तळाचं सगळं ठीक चाललं आहे. मुळं काळी असून वास येत असेल, तर कुजणारी पानं आणि खताचा अतिरेक काढून टाकावा. त्या टाकीला आणखी ऊब देण्याची गरज नाही.