नावाहोंचा चांदीचा पट्टा: किती जुना, कुणाचा?

चामड्याच्या पट्ट्यावर ओळीने बसवलेल्या चांदीच्या मोठ्या चकत्या: अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या नावाहो लोकांचा हा कोंचा पट्टा. त्याला हजारो वर्षांचा वारसा आहे, असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्याची घडण एकोणिसाव्या शतकातली. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नावाहोंना शेकडो मैल पायी चालवत नेऊन बॉस्के रेडोंडोच्या छावणीत डांबलं. 1868 च्या तहानंतर ते मायभूमीत परतले आणि त्यांचं चांदीकाम खऱ्या अर्थाने बहरलं ते त्यानंतर. सगळं गमावून आलेल्या माणसांनी हे उभं केलं. त्यापुढे कला नवी की जुनी हा प्रश्न मला गौण वाटतो.

मग ती उसनी म्हणायची का? पहिला नावाहो कारागीर मानला जाणारा अत्सिदी सानी धातुकाम मेक्सिकन लोहाराकडून शिकला, हे खरं. चकतीच्या आकारामागेही अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचे धातूचे दागिने आणि स्पॅनिश-मेक्सिकन घोड्यांचा साज असल्याचं मानतात. पण या साऱ्यातून घडलेला पट्टा नावाहोंचाच.

जुन्या चकतीच्या मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचं छिद्र आणि त्यात आडवी दांडी असते. ती नुसती नक्षी नव्हे. चांदीचं झाळकाम तेव्हा हातात बसलेलं नव्हतं, म्हणून चामडं त्या छिद्रातून दांडीमागे ओवत. 1880 च्या सुमारास झाळकाम जमू लागलं, मागे तांब्याची कडी आली आणि छिद्राची गरज संपली. तरी कित्येक कारागीर मधोमध तोच आकार ठोकत राहिले. गरजेची नक्षी झाली ती अशी.

फिरोजा नसेल तर पट्टा अस्सल नाही, हा समजही चुकीचा. आरंभीच्या पट्ट्यांत खडे नसतच. चांदीही नावाहोंच्या खाणीतली नव्हे. अमेरिकी डॉलर आणि पुढे मेक्सिकन पेसो ही नाणी त्यासाठी वापरली जात. पर्यटकांसाठी हलके दागिने बनवून घेण्याची सुरुवात फ्रेड हार्वी कंपनीने 1899 मध्ये केली. वजनदार पट्टे मात्र नावाहो स्वतः वापरत, अडीअडचणीला व्यापाऱ्याकडे गहाण ठेवत.

अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने खोटा माल मूलनिवासींची कारागिरी म्हणून विकणं हा गुन्हा ठरतो. वय मात्र कायद्याने कळत नाही, आणि छिद्र दिसलं म्हणून पट्टा जुना असंही नाही. ती घडण आजचे कारागीरही आवडीने करतात.