ऐकलं, पण कळलं का?

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलेली ही गंमत. तिची आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "साखर पाव आण गं!" ही धावत दुकानात गेली आणि पाव किलो साखर घेऊन आली. आईला हवी होती साखर आणि पाव! आता सांगा पाहू, चूक कोणाची? आईचे शब्द बरोबर होते. मुलीने ऐकलेही बरोबर. फक्त एकीच्या मनातला अर्थ दुसरीच्या मनात उतरला नाही.

त्या दिवशी घरात सगळ्यांनी नुसताच चहा घेतला, एवढेच नुकसान. पण अशी चूक विमानाच्या रेडिओवर झाली तर?

विमानतळावर एक उंच मनोरा असतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रक बसतात. कोणत्या विमानाने धावपट्टीवर कधी यायचं, कधी उडायचं, हे ते वैमानिकांना रेडिओवरून सांगतात. हा रेडिओ आपल्या टेलिफोनसारखा नाही, बरं का! इथे एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर शिटीसारखा आवाज येतो आणि बोलणं त्यात बुडून जातं.

आता चला माझ्याबरोबर स्पेनच्या तेनेरीफ बेटावर. तारीख २७ मार्च १९७७, वार रविवार. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला होता. त्यामुळे तिकडे जाणारी विमानं तेनेरीफच्या छोट्या विमानतळावर उतरवली गेली. त्यांत दोन अवाढव्य जंबो जेट होती. एक हॉलंडच्या केएलएम कंपनीचं, दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचं.

विमानतळ गच्च भरला. धावपट्टी एकच, आणि तिच्या बाजूच्या रस्त्यावरही विमानं उभी. म्हणून दोन्ही जंबोंना धावपट्टीवरूनच पुढे न्यायचं ठरलं. केएलएमचं विमान पार टोकाला जाऊन, वळून उभं राहिलं. पॅन ॲमचं विमान अजून त्याच धावपट्टीवरून हळूहळू येत होतं. तेवढ्यात दाट धुकं उतरलं. या विमानाला ते दिसेना आणि मनोऱ्याला दोन्ही दिसेनात! जमिनीवरची विमानं दाखवणारं रडारही तिथे नव्हतं. सगळी भिस्त रेडिओवर.

नियंत्रकाने केएलएमला उडाल्यावर कोणत्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही उड्डाणाची परवानगी नव्हती. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. केएलएमच्या सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, 'आम्ही आता टेकऑफला आहोत.' म्हणजे काय? नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणासाठी तयार उभं आहे. खरं तर ते धावायला लागलं होतं! बघा, इथेही 'साखर पाव'च झालं.

नियंत्रक म्हणाला, 'ओके.' क्षणभर थांबून पुढे म्हणाला, 'टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो.' नेमकं त्याच वेळी पॅन ॲमच्या वैमानिकाने बटण दाबून सांगितलं, 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.' दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या वैमानिकांना स्पष्ट ऐकू आलं ते फक्त 'ओके'.

अजूनही वेळ होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टन अतिशय अनुभवी होते. झालंय की, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मग पुन्हा कोणी विचारलं नाही. काही सेकंदांतच दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. वाचली फक्त ६१, सगळी पॅन ॲमच्या विमानातली.

या अपघातानंतर जगभर रेडिओवरचं बोलणं बदललं. 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त दोनदाच वापरायचा: उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं 'ओके' चालत नाही. वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची. नियंत्रकानेही ती कान देऊन ऐकायची आणि चुकली असेल तर लगेच सुधारायची. आणखी एक मोठा बदल झाला. हाताखालच्या माणसाने शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची, हे वैमानिकांना मुद्दाम शिकवलं जाऊ लागलं.

'रॉजर' हा शब्द तुम्ही सिनेमात ऐकला असेल. त्याचा अर्थ 'तुमचं बोलणं ऐकू आलं' एवढाच. 'तसं करतो' असं सांगायचं असेल तर 'विल्को' म्हणतात. बी, डी, पी ही अक्षरं रेडिओवर सारखीच वाटतात, म्हणून 'ब्राव्हो', 'डेल्टा', 'पापा' म्हणतात. आणि 'नाइन'चा 'फाइव्ह' होऊ नये म्हणून 'नायनर'!

आपल्या देशालाही अशा चुकीची झळ बसली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, पण ते त्याहून खाली आलं. वैमानिकाचं इंग्रजीचं अपुरं ज्ञान हेही त्यामागचं एक कारण असल्याचं चौकशीत पुढे आलं. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजी बोलण्या-समजण्याची ठरावीक पातळी गाठावीच लागते.

मग मुलांनो, आजपासून एक करून बघाल? आईने काम सांगितलं की नुसतं 'हो' म्हणून पळू नका. "साखर अर्धा किलो आणि पाव सहा, बरोबर ना?" असं एकदा म्हणून दाखवा. वर्गात गुरुजी किंवा बाई म्हणाल्या, "समजलं का?" तर नुसत्या माना डोलवू नका. समजलं नसेल तर हात वर करा.

आणि आई-बाबांनो, मुलाने पुन्हा विचारलं तर "एकदा सांगितलं ना!" असं खेकसू नका. मी स्वतः वर्गात कितीदा असं खेकसले असेन! तेनेरीफची हकिकत वाचली, तेव्हापासून पुन्हा विचारणाऱ्या मुलाला मी 'शाब्बास' म्हणते.