प्रसाधनाचे कुंचले आणि मुखदूषिका : एक दुर्लक्षित हेतू

मुखदूषिकेच्या रुग्णाला आपण आहार विचारतो, मलप्रवृत्ती विचारतो, रात्रीचे जागरण विचारतो, स्त्री-रुग्ण असल्यास रजःप्रवृत्तीविषयी विचारतो. मात्र चेहऱ्यावर दररोज जी वस्तू फिरते तिच्याविषयी आपण क्वचितच विचारतो. हा दोष प्रथम माझाच होता, म्हणून लेखाचा आरंभ त्या रुग्णवृत्तानेच करते.

एका बँकेत नोकरी करणारी सव्वीस वर्षांची तरुणी मुखदूषिकेच्या चिकित्सेसाठी आली. पथ्य उत्तम पाळणारी, औषध वेळेवर घेणारी. रक्तप्रसादक योग दिले, वमन झाले, पुढे विरेचनही झाले. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस चेहरा स्वच्छ राही आणि पुन्हा पुळ्या उठत. चौथ्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. पुळ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर दाट होत्या, कपाळ मात्र जवळजवळ स्वच्छ होते. दोषदुष्टी सर्वदेहगत असताना कपाळानेच काय पुण्य केले होते? विचारल्यावर तिने पर्समधून गालांना लाली लावण्याचा कुंचला काढून दाखविला. तीन वर्षे वापरात होता आणि एकदाही धुतलेला नव्हता. त्याचे केस तेलकट होऊन एकमेकांना चिकटले होते आणि त्याला कुबट वास येत होता.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण सारेच पाठ म्हणतो. येथे दर्शन झाले होते, प्रश्न अपुरा राहिला होता.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगितली आहेत. त्यांत अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या यांच्याबरोबरच दुसऱ्याचे वस्त्र, माला आणि अनुलेपन यांचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा रोगांत कुष्ठाबरोबर नेत्राभिष्यंदही गणला आहे. अनुलेपन हेतू ठरत असेल, तर ते ज्या साधनाने लावले जाते ते साधन त्यातून कसे सुटेल?

आधुनिक निरीक्षणही याच दिशेचे आहे. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरात असलेली ४६७ प्रसाधने तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य प्रसाधनांत जीवाणू आढळले. प्रसाधन पसरविण्याच्या स्पंजांपैकी ९३ टक्के स्पंज एकदाही स्वच्छ केलेले नव्हते. त्वचेचा स्नेह, मृत त्वचेचे कण, प्रसाधनातील तेल आणि ओलावा हे सर्व एकत्र आले की जंतूंना पोषक क्षेत्र आयतेच तयार होते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना कुंचले दर ७ ते १० दिवसांनी धुण्याचा सल्ला देते. आपल्या उष्ण हवेत, घाम अधिक येत असताना, हे अंतर याहून वाढू देऊ नये.

रिठाच का?

बाजारातील कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा या कामी नको. शेळी, खार, घोडा इत्यादींच्या केसांचे कुंचले आपल्या केसांसारखेच असतात. तीव्र क्षाराने ते फुगतात, रुक्ष होतात आणि तुटतात. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा साका केसांवर बसतो. रिठा म्हणजे आपला अरिष्टक किंवा फेनिल. त्याच्या सालीतील सॅपोनिन जड पाण्यातही फेस देते आणि त्याचा साका होत नाही. रेशमी वस्त्रे, लोकरीच्या शाली आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्याने धुण्याची आपल्या घरांतील रीत याच गुणावर उभी आहे.

कृती

१. बिया काढलेल्या ५-६ रिठ्यांची साले दोन कप पाण्यात रात्रभर भिजत ठेवावीत. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळून, निवल्यावर कुसकरून, दुहेरी सुती फडक्यातून गाळून घ्यावे. चोथ्याचा कणही राहू नये.

२. काजळ, फाउंडेशन यांसारखे स्निग्ध प्रसाधन लावलेला कुंचला प्रथम तळहातावरील खोबरेल तेलाच्या एक-दोन थेंबांत हलकेच फिरवावा. स्नेहात स्नेह विरघळतो. अभ्यंगानंतर उद्वर्तन करावे, तसाच हा क्रम आहे. कोरड्या पावडरीच्या कुंचल्यास तेलाची गरज नाही.

३. कुंचल्याचे टोक खाली ठेवून केवळ केसांचा भाग कोमट फेनिल जलात बुडवावा आणि तळहातावर गोलाकार फिरवावा. धातूच्या कड्यात पाणी शिरू देऊ नये. तेथे पाणी शिरल्यास आतील डिंक सुटतो, लाकडी दांडा फुगतो आणि बुरशी धरते. याच कारणासाठी गरम पाणीही वर्ज्य.

४. वाहत्या पाण्याखाली, टोक खालीच ठेवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे.

५. शेवटी काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कुंचला ढवळावा. फेस आला तर रिठा उरला आहे असे समजून पुन्हा धुवावे. ही परीक्षा कधीही चुकवू नये.

६. स्वच्छ पंच्याने टिपून, केसांना मूळ आकार देऊन, टेबलाच्या कडेबाहेर केस राहतील असा आडवा ठेवून सावलीत वाळवावा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात. ओला कुंचला डबीत बंद करणे हे न धुण्याहूनही वाईट.

क्वाथ त्याच दिवशी संपवावा. त्यात परिरक्षक नसल्याने तो लवकर आंबतो, आणि आंबलेल्या क्वाथाने शुद्धी होत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

येथे पूर्वोक्त रुग्णवृत्ताचा उत्तरार्ध सांगणे आवश्यक आहे. त्या तरुणीस मी रिठ्याने कुंचले धुण्यास सांगितले, परंतु गाळण्याविषयी आणि पुन्हा पुन्हा धुण्याविषयी काहीच सांगितले नाही. तिने गालांच्या कुंचल्याबरोबर पापण्यांवरचा कुंचलाही धुतला आणि अर्धवट वाळलेला वापरला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, तीव्र दाह, अश्रुस्राव अशी लक्षणे घेऊन ती आली. भरपूर स्वच्छ पाण्याने नेत्रप्रक्षालन करवून तिला तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. दोन दिवसांत डोळा पूर्ववत झाला. रिठा नेत्रास अत्यंत दाहक आहे, हे मला ठाऊक होते. केवळ ‘घरगुती उपाय’ म्हणून मी विधी पूर्ण सांगितला नाही. योग्य युक्तीने विषही औषध होते आणि अयुक्तीने औषधही विष होते, हा चरकाचार्यांचा इशारा मोठ्या कल्पांपुरता मर्यादित नाही. तेव्हापासून पापण्यांच्या कुंचल्यासाठी मी लहान मुलांचा सौम्य शांपू सुचविते.

इतर काही समजुतीही तपासून पाहाव्यात. बेसन आणि शिकेकाईचे चूर्ण केसांच्या मुळाशी अडकून राहते. हळदीचा डाग जात नाही. लिंबाचा रस त्वचेवर क्षोभ करतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यास फेस येतो खरा, परंतु दोन्ही एकमेकांचा गुण नष्ट करतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिठा मल दूर करतो, जंतुनाशकाचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये. लग्नसराईत ब्यूटी पार्लरमध्ये किंवा नाटकाच्या रंगपटात एकच कुंचला अनेकांच्या चेहऱ्यांवर फिरतो. तेथे धुऊन वाळविल्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणे इष्ट. ते सांगण्यात आयुर्वेदाचा कमीपणा मुळीच नाही. डोळे येणे, ओठांवरील नागीण किंवा वारंवार होणारी अंजननामिका अशा स्थितीत मात्र शुद्धीचा आग्रह न धरता तो कुंचला टाकूनच द्यावा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा साथीतील विषाणूंवर अल्कोहोलचाही भरवसा धरता येत नाही.

उपसंहार

त्या तरुणीने नवा कुंचला घेतला आणि दर रविवारी तो धुण्याचा नियम केला. औषधयोग तेच ठेवले होते. पुढील तीन महिन्यांत गालांवर नव्या पुळ्या नाममात्र उठल्या. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा माझा हेतू नाही. केवळ कुंचल्याने मुखदूषिका होते असेही मी म्हणत नाही. कफ, वात आणि रक्त यांची दुष्टी असतेच. तथापि, शोधन करून दोष बाहेर काढावेत आणि हेतू मात्र रुग्णाच्या पर्समध्ये तसाच राहू द्यावा, ही चिकित्सा अपूर्ण होय. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना विनंती की, मुखदूषिका, पापण्यांचे विकार आणि मुखावरील कंडू यांच्या केसपेपरवर तीन प्रश्न अवश्य वाढवावेत : प्रसाधन कशाने लावता? ते साधन शेवटचे केव्हा धुतले? ते आणखी कोण वापरते? हे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. माझ्या रुग्णेचे चार महिने त्या अर्ध्या मिनिटाअभावी गेले.