कपातला चहा आणि न दिसणारी धूळ

बाजाराच्या दिवशी आपण टपरीवर चहा घेतो. चहा कागदी कपात मिळतो. कप कागदाचा, म्हणून आपण बिनघोर पितो. पण मंडळी, कागद तर चहाने भिजतो. मग हा कप गळत का नाही? कारण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो.

२०२० साली खरगपूरच्या आय. आय. टी. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी असे कप तपासले. त्यांत गरम पाणी १५ मिनिटे ठेवले. १०० मिलिलिटर पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० कण उतरले!

मग ते दिसत का नाहीत? ते पिठाच्या कणाहूनही बारीक असतात. अशा बारीक कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. पालापाचोळा कुजतो, त्याचे खत होते. प्लॅस्टिकचे तसे होत नाही. ते उन्हाने ठिसूळ होते, तुटते, त्याची धूळ होते. ती धूळ माती, पाणी आणि हवा यांत मिसळते.

पोटात गेलेले पुष्कळसे कण शौचावाटे पडून जातात. पण सगळे नाही. २०२२ साली नेदरलँड्स देशात २२ माणसांचे रक्त तपासले. १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडले.

२०२४ साली इटलीतील डॉक्टरांनी २५७ रोग्यांची माहिती छापली. मानेतील रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर त्यांनी काढून तपासला. १५० जणांच्या थरात प्लॅस्टिक होते. पुढे सुमारे तीन वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले. प्लॅस्टिक असलेल्यांना हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका किंवा मृत्यू यांचा धोका साडेचारपट दिसला. हे प्लॅस्टिकमुळेच झाले, असे अजून सिद्ध झालेले नाही. पण पूर येण्याआधी बांध घालावा, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मग काय करावे?

चहा स्टीलच्या पेल्यात, काचेच्या ग्लासात नाहीतर कपबशीत घ्यावा.
शेतावर चहा पिशवीतून नेऊ नये. किटलीतून न्यावा.
गरम कालवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये.
चूल पेटवायला प्लॅस्टिक घालू नये. त्याचा धूर विषारी असतो. तो आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि लेकराच्या छातीत जातो.

यात पैशाचा खर्च नाही. पुढच्या बाजाराला घरचा पेला पिशवीत टाका. टपरीवर गेलात की म्हणा, "दादा, चहा ह्यात ओत."