लेकराला शाळेत घालताना काय बघायचं?

मंडळी, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागात दाखल्याच्या वेळी एकच प्रश्न असतो: मराठी शाळा, कन्नड की इंग्लिश? आम्ही म्हणतो, पाटी अन् बस बघून ठरवू नका. चालू दिवशी शाळेत जा आणि चार गोष्टी बघा.

१. मास्तर किती? शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला 30 लेकरांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35 मागे एक. कागदावर नाही, वर्गात मोजा.

२. तिसरीतल्या लेकराला दुसरीचं पुस्तक वाचायला सांगा. अडखळत असेल तर इमारत कितीही चकाचक असो, उपयोग नाही.

३. दहावीचा निकाल शंभर टक्के म्हणतात. बारा बसले, बारा पास. पण हीच मुलं आठवीत असताना वर्गात किती होती, तेही विचारा. मधेच गळालेली निकालात दिसत नाहीत.

४. कन्नड कोण शिकवतं? कर्नाटकात 2015 च्या कायद्यानं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. मराठी माध्यमात घातलं तरी कन्नड पक्कं हवं. पुढं नोकरी, कचेरी सगळं त्यातच.

सरकारी शाळेच्या एस.डी.एम.सी. समितीत पालकच जास्त असतात. बैठकीला जा, बोला. फी भरली म्हणजे जबाबदारी संपली, असं नसतं बघा.