‘मोनोक्लॅमिडी’ या लुप्त गटनामाविषयी

कुककृत ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१–१९०८) हा ग्रंथ हाताळणाऱ्या विद्यार्थ्यास कुलांचा जो क्रम आढळतो, तो बेंथॅम व हुकर यांचा होय. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने कुकच्या कक्षेबाहेर राहिले. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, प्रस्तुत गटनामास स्थान न देणारे एपीजी वर्गीकरणही त्याच वर्षीचे.

‘जेनेरा प्लँटेरम’मध्ये (१८६२–१८८३) द्विदलिकितांचे तीन विभाग होते : सुट्या पाकळ्यांचा पॉलिपेटॅली, जुळलेल्या पाकळ्यांचा गॅमोपेटॅली आणि परिदलाचे एकच मंडल असलेला मोनोक्लॅमिडी. या तिसऱ्यात ३६ कुले होती. वास्तविक पाकळ्यांचा अभाव हे नात्याचे लक्षण नव्हे. भिन्न वंशांत पाकळ्या स्वतंत्रपणे लोप पावू शकतात.

येथील भाजीबाजारात माठ व घोळ शेजारी मांडलेले असतात. बेंथॅम व हुकर यांनी माठ मोनोक्लॅमिडीत, तर पिवळ्या पाकळ्यांची घोळ पॉलिपेटॅलीत घातली. फड्या निवडुंगही पॉलिपेटॅलीतच, पण घोळीपासून दूर, चित्रक गॅमोपेटॅलीत. आज ही चारही कॅरिओफायलेलीझ या एकाच गणात आहेत. पहिल्या तिघांतील तांबडा रंग ॲन्थोसायनिनाचा नसून बीटालेनाचा असतो. चित्रकात मात्र तो नाही. माठ व घोळ यांच्या बीजांतील वक्र भ्रूण तर पूर्वसूरींना चांगलाच परिचित होता. मोनोक्लॅमिडीतील ज्या मालेत माठ होता, तिचे नावच त्यावरून ‘कर्व्हेंब्री’ असे ठेवलेले होते! पुढे एंग्लरने ‘सेंट्रोस्पर्मी’त दोघांना एकत्र आणले. अधिक मौजेची गोष्ट म्हणजे, घोळीची दोन ‘संदले’ आज छदे मानली जातात व तिच्या ‘पाकळ्या’ रंगीत संदले. म्हणजे जुन्याच निकषाने पाहिले तरी ती एकपरिदलीच ठरते.

तथापि हे दोघे विद्वान यांत्रिक नव्हते. भोपळ्याच्या पाकळ्या जुळलेल्या असूनही त्याचे कुल त्यांनी कृष्णकमळाच्या आप्तांसह पॉलिपेटॅलीत ठेवले.

मोनोक्लॅमिडीतील वड आज बोर व गुलाब यांच्यासह रोझेलीझ गणात, तर एरंड माल्पिघिएलीझ गणात आहे. चंदन व बांडगूळ यांची कुले मात्र तेव्हाही एकाच मालेत होती आणि आजही सँटॅलेलीझ गणात एकत्र आहेत.