जन्माआधीच गाशा गुंडाळणाऱ्या पेशी

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू घडत असतं, तेव्हा त्याचे पाय हलवणाऱ्या चेतापेशी गरजेच्या जवळपास दुप्पट तयार होतात. अंडं फुटायच्या आतच त्यातल्या सुमारे निम्म्या मरतात. आजार नाही, इजा नाही. मरायची सोय पेशीतच असते.

जगतं कोण? जिचा तंतू स्नायूपर्यंत पोचून तिथला शिधा मिळवतो, ती. शिधा मोजकाच! वाढत्या पिल्लाच्या पायाचा कोंब काढला, तर त्या बाजूच्या बहुतेक चेतापेशी मरतात; जास्तीचा कोंब जोडला, तर नेहमीपेक्षा जास्त वाचतात.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांचा. मुसोलिनीच्या १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे या ज्यू संशोधिकेला विद्यापीठाची दारं बंद झाली. मग तुरीनमधल्या घरी, झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा! हत्यारं म्हणजे घासून धारदार केलेल्या शिवणाच्या सुया. गर्भ काढून घेतल्यावर उरलेल्या अंड्यांचं ऑम्लेट व्हायचं. युद्धाच्या टंचाईत कोण टाकून देणार? पुढे १९५२मध्ये, चेतापेशींना जगवणाऱ्या पदार्थाच्या मागावर, गाठ असलेले उंदीर हँडबॅगेत घालून बाई विमानाने रिओला गेल्या. (आजच्या विमानतळावर करून बघा!) चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना १९८६चं नोबेल मिळालं. स्वतः जगल्या १०३ वर्षं.

सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत तर शिध्यासाठी रांगबिंग ही भानगडच नाही. शरीर घडताना १,०९० पेशी जन्मतात, त्यातल्या १३१ मरतात, आणि त्यांतही बहुतेक चेतासंस्थेच्या वंशातल्या. कोणती पेशी कधी जाणार, हे पंचांगात छापल्यासारखं ठरलेलं. प्रेताची विल्हेवाट शेजारची पेशी लावते, गिळून टाकते. जॉन सल्स्टन यांनी महिनोन् महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ही वंशावळ टिपली. चिकाटीचं नोबेल असतं तर तेही त्यांनाच द्यावं लागलं असतं. २००२चं खरं नोबेल त्यांना सहकारी ब्रेनर आणि हॉर्विट्झ यांच्यासोबत मिळालंच.

यात एक गंमत आहे. अंडी घालायला लागणाऱ्या दोन चेतापेशी नरात मरतात. उलट, जोडीदाराचा वास घेणाऱ्या चार पेशी नरात टिकतात आणि अंडी घालणाऱ्या उभयलिंगी कृमीत मरतात.

हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत, पेशीला मरायला लावणारं सेड-३ हे जनुक बिघडलेले कृमी सापडले. मरायच्या त्या पेशी त्यांच्यात जिवंत राहिल्या, आणि कृमी मजेत वळवळत राहिले. उंदराला मात्र ही चैन परवडत नाही. कॅस्पेज-९ हे सेड-३च्याच कुळातलं प्रथिन नसलं, तर गर्भातच मेंदू बेसुमार फुगतो आणि बहुतेक पिल्लं जन्माच्या आसपास दगावतात.